लडाखच्या उंचीवर जुनी बुलेट आणि जुनी जावा: पेट्रोल कोणते, किती आणि का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) सिलिंडरची बुलेट ३५०, तसेच जावा-येझदीसारख्या जुन्या टूस्ट्रोक गाड्या घेऊन मनाली–लेह किंवा श्रीनगर–लेह मार्गाने जाणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे. त्यांच्या मनात येणाऱ्या इंधनविषयक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. कार्ब्युरेटर असलेल्या इतर जुन्या गाड्यांनाही यातील बहुतेक माहिती लागू पडते. इंधन इंजेक्शन असलेल्या नव्या गाड्यांना मात्र ती लागू नाही, कारण त्यांचा संगणक हवेचा दाब मोजून मिश्रण आपोआप बदलतो.

माझी बुलेट १९६८ सालची आहे. ती कायद्याने ‘विंटेज’ ठरते का, आणि त्याचा या प्रवासाशी काही संबंध आहे का?

संबंध आहे, आणि तो पेट्रोल भरण्याच्या आधीचा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते, व तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी नोंदणी केलेली गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्याच कारणांसाठी ती चालवण्याची मुभा आहे. त्यामुळे ज्यांना जुन्या गाडीने लांबचा प्रवास करायचा आहे, त्यांनी तिची साधी नोंदणी पुनर्नोंदणी करून चालू ठेवणे सोयीचे.

उंचीवर गेल्यावर गाडी दम का टाकते? पेट्रोल खराब असते का?

बहुतेक वेळा पेट्रोल चांगलेच असते. कमी पडते ती हवा. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास ७० टक्के असते. खारदुंग ला (५,३५९ मीटर) आणि तांगलांग ला (सुमारे ५,३३० मीटर) या खिंडींत ती ६० टक्क्यांच्याही खाली जाते. जुन्या बुलेट ३५० ची ताकद सपाटीवर १८ अश्वशक्ती धरली, तर खारदुंग लावर तिच्याकडे जेमतेम १० उरते. ही घट कोणतेही इंधन भरून काढू शकत नाही, हे आधी पक्के लक्षात घ्यावे.

दुसरी अडचण मात्र दुरुस्त करता येण्यासारखी आहे. साध्या कार्ब्युरेटरला हवा विरळ झाल्याचे कळत नाही. हवेचे वजन जितके घटते तितके पेट्रोल घटत नाही, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढत जाते. हिशेबाने लेहच्या उंचीवर मिश्रण सुमारे १९ टक्क्यांनी आणि खारदुंग लावर सुमारे ३० टक्क्यांनी गडद होते. काळा धूर, प्लगवर काजळी, गाडीचा घसरलेला अ‍ॅव्हरेज आणि चढावर थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर येणारा घोगरा, गुदमरलेला आवाज ही सगळी त्याचीच लक्षणे आहेत. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे आणि आपले घाटरस्ते त्याहून बरेच खाली आहेत. म्हणून वर्षानुवर्षे आपल्याकडे निर्धोक चाललेल्या गाडीत हा दोष पहिल्यांदा दिसतो तो थेट हिमालयात.

उंचीसाठी जास्त ऑक्टेनचे पेट्रोल घ्यावे का?

नाही. हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे आणि वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली आणि उष्णतेत वेळेआधी न भडकण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन. विरळ हवेत सिलिंडरमध्ये मुळात कमी हवा शिरते, दाब कमी होतो, त्यामुळे इंजिन नॉक करण्याची शक्यताही कमी होते. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या प्रदेशात साधे पेट्रोल सपाटीवरच्यापेक्षा कमी ऑक्टेनचे विकण्याची जुनी पद्धत याच कारणाने पडली.

शिवाय जुन्या बुलेटचे कॉम्प्रेशन ६.५ ला १ इतके सौम्य आहे. भारतात साध्या पेट्रोलचे रॉन (ऑक्टेन मोजण्याचा आकडा) किमान ९१ असते आणि या इंजिनाला तेच गरजेपेक्षा जास्त आहे. ९५ किंवा १०० ऑक्टेनच्या पेट्रोलमुळे तिच्या वेगात, चढण्याच्या ताकदीत किंवा इंजिनाच्या आयुष्यात काहीही भर पडत नाही. चढावर घंटी वाजवल्यासारखा टिणटिण आवाज येत असेल, तर महागडे पेट्रोल भरण्याआधी इग्निशन टायमिंग आणि सिलिंडर हेडमध्ये साठलेला कार्बन तपासावा.

मग प्रीमियम पेट्रोलचा काहीच उपयोग नाही असे समजायचे का?

एक उपयोग आहे, पण तो ऑक्टेनशी संबंधित नाही. १०० ऑक्टेनचे एक्सपी १०० हे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या टप्प्यात दहा शहरांत आले. त्यांत मुंबई, पुणे आणि चंदीगड ही शहरे होती. ते इथेनॉलविरहित म्हणून विकले जाते, आणि जुन्या गाडीच्या दृष्टीने त्याचे खरे मोल तेवढेच आहे. किंमत साध्या पेट्रोलच्या दीडपट किंवा त्याहूनही अधिक पडते. ९५ ऑक्टेनचे ‘प्रीमियम’ मात्र इथेनॉलविरहित असेलच असे नाही, त्यामुळे केवळ नावावर जाऊ नये.

आमच्या मते प्रवासात दर वेळी असे पेट्रोल शोधत फिरणे व्यर्थ आहे, कारण गाडी रोज चालत असताना टाकीतले पेट्रोल दोन-तीन दिवसांत संपते आणि इथेनॉलला नुकसान करायला वेळच मिळत नाही. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तेव्हा टाकी आणि कार्ब्युरेटरमध्ये शेवटचे पेट्रोल इथेनॉलविरहित असावे. तेथे तो खर्च सार्थकी लागतो.

ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेले) जुन्या गाडीला चालते का?

चालते, पण तयारी करून. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातील मोजक्या पंपांवर ई२० ची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचले. साध्या पंपावर आता ई२० च मिळणार, लडाखमध्येही तेच मिळणार, असे धरूनच गाडी तयार करावी.

इथेनॉलचे तीन परिणाम जुन्या गाडीला भोवतात. पहिला म्हणजे ते मिश्रण पातळ करते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर ई२० ला सुमारे १३.५ भाग पुरते. त्यामुळे जेट (कार्ब्युरेटरमधले, पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्राचे पितळी बूच) तेच ठेवले तर मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ पडते. दुसरा परिणाम अ‍ॅव्हरेजवर होतो, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते आणि एकूण इंधनात ही तूट सहा-सात टक्क्यांची होते. तिसरा परिणाम रबर, कॉर्क आणि काही धातूंवर होतो. जुन्या गाडीच्या मालकाने खरी काळजी करावी ती या तिसऱ्याची.

म्हणजे उंचीवर ई२० फायद्याचे ठरते का? एक मिश्रण गडद करते, दुसरे पातळ.

प्रश्न मार्मिक आहे आणि उत्तर अंशतः ‘होय’ असे आहे. कार्ब्युरेटर शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेला असेल आणि त्याला अजून कोणी हात लावला नसेल, तर लेहच्या उंचीवरच्या १९ टक्के गडदपणातून ई२० चे सुमारे आठ टक्के वजा होतात आणि उरते ते दहा-अकरा टक्के. तेवढे जुने इंजिन कुरकुर करत का होईना, सहन करते. मात्र पुण्या-मुंबईत ई२० मुळे गाडी तापते म्हणून मेकॅनिकने आधीच एक मोठे जेट बसवले असेल, तर ही सवलत संपलेली असते आणि लेहला गडदपणा पूर्णच्या पूर्ण अंगावर येतो. म्हणून निघण्यापूर्वी कार्ब्युरेटर उघडून आत नेमके कोणत्या क्रमांकाचे जेट आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. क्रमांक पितळेवर इतका बारीक कोरलेला असतो की तो वाचायला बहुधा भिंग लागते. आधीच्या मालकाच्या मेकॅनिकने काय केले, हे पुष्कळदा तेव्हाच उघड होते.

इथेनॉलमुळे गाडीतले कोणते भाग आधी बदलावेत?

सर्वांत आधी पेट्रोलचा पाइप आणि कॉक (टाकीखालची तोटी). जुना रबरी पाइप इथेनॉलने फुगतो, मऊ पडतो आणि आतून सुटलेले काळे कण जेटमध्ये अडकतात. तो काढून इंधन इंजेक्शनच्या गाड्यांसाठी मिळणारा जाड पाइप क्लिपसह लावावा. जुन्या कॉकमध्ये बुचाच्या कॉर्कचे सील असते. त्याऐवजी व्हिटॉनचे (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे) सील मिळाले तर उत्तम. काही जुन्या कार्ब्युरेटरांतील आणि मापकांतील कॉर्कच्या तरंगकांवर शेलॅकचा लेप असतो, आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळते. त्याचा चिकट गाळ पायलट जेटमध्ये (आयडलिंगच्या जेटमध्ये) जाऊन बसला की गाडी आयडलिंगला बंद पडू लागते, आणि मेकॅनिक मात्र दिवसभर टायमिंग बघत राहतो.

टाकीच्या आतला लेप ही अधिक गंभीर बाब आहे. गंजलेल्या टाकीत ओतलेले जुन्या प्रकारचे सीलर इथेनॉलने पापुद्र्यांसारखे सुटू लागते. आपल्या टाकीत असा लेप आहे की नाही, हे टॉर्चच्या प्रकाशात झाकणातून पाहिले तरी कळते: आतला भाग पत्र्यासारखा न दिसता रंगवल्यासारखा, गुळगुळीत आणि कडांना किंचित उचललेला दिसतो. शंका असल्यास निघण्याच्या दोन-तीन महिने आधी टाकी साफ करून घ्यावी. आदल्या आठवड्यात हे काम काढल्यास सुटलेला गंज प्रवासभर पुरतो. जुन्या अमाल कार्ब्युरेटरांची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. ओलसर इथेनॉलमुळे तिच्या बाऊलमध्ये (पेट्रोल साठणाऱ्या खालच्या वाटीत) पांढरी भुकटी धरते, म्हणून तो बाऊल प्रवासात मधूनमधून उघडून पाहावा.

पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल वेगळे काढता येते, असे म्हणतात. ते करावे का?

रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते शक्य आहे. काचेच्या बाटलीत पेट्रोल घेऊन थोडे पाणी घातले, हलवले आणि बाटली उभी ठेवली की काही मिनिटांत खाली धुरकट थर जमतो. तो पाणी आणि इथेनॉल यांचा असतो, आणि घातलेल्या पाण्यापेक्षा तो जितका जाड, तितके इथेनॉल त्यात उतरले असे समजावे. पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे की नाही, हे तपासायला ही युक्ती उत्तम आहे. इंधन तयार करण्याची पद्धत म्हणून मात्र ती टाळावी. वर उरलेल्या पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश राहतोच, त्याचे ऑक्टेन किती घसरले हे घरी मोजता येत नाही, आणि खालचा ज्वालाग्राही थर गटारात ओतणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

हाच प्रकार टाकीत आपोआपही घडू शकतो. इथेनॉल पाणी शोषून धरते, पण त्यालाही मर्यादा असते आणि थंडीत ती आणखी कमी होते. सरचू किंवा पांग येथे मुक्कामाला अर्धी रिकामी टाकी ठेवली, रात्री पारा शून्याखाली गेला आणि टाकीत आधीच पावसाचे पाणी शिरलेले असेल, तर सकाळी तळाशी वेगळा थर जमलेला असतो. कॉक उघडल्यावर कार्ब्युरेटरमध्ये आधी तोच उतरतो आणि कितीही किक मारल्या तरी गाडी सुरू होत नाही. झाकणाचे रबर बदलणे आणि मुक्कामी टाकी भरलेली ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय.

जेट बदलावे का? बदलायचे तर किती?

प्रवास फक्त झोजी ला (सुमारे ३,५३० मीटर) आणि फोटू ला (४,१०८ मीटर) ओलांडून लेहपर्यंत जाऊन परत येण्याचा असेल, तर मेन जेटला हात न लावता नीडलची (थ्रॉटलबरोबर वरखाली होणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच वर सरकवली तरी पुष्कळदा भागते. क्लिप वर गेली की नीडल खाली बसते आणि मधल्या थ्रॉटलला पेट्रोल कमी येते. मनालीमार्गे जाऊन पुढे नुब्रा, पँगाँग, हानले असा आठवडाभराचा मुक्काम उंचावरच असेल, तर मात्र मेन जेट लहान करणे योग्य.

हिशेब लेहसाठी सुमारे १६ टक्के लहान जेट सांगतो, म्हणजे १०० क्रमांकाच्या जागी ८४. आम्ही एवढे खाली जाण्याचा सल्ला देत नाही. ई२० ने काही काम आधीच केलेले असते, शिवाय थोडे गडद मिश्रण इंजिनाला केवळ काळे करते, पण पातळ मिश्रण पिस्टन जाळू शकते. म्हणून १०० असेल तर ९० किंवा ९२.५ पुरेसे. केलाँगच्या पुढे एका मुक्कामी जेट बदलून दुसऱ्या दिवशी प्लग पाहावा, आणि जुने जेट कागदात गुंडाळून टूलकिटमध्ये जपून ठेवावे. आयडलिंगसाठी वेगळे जेट लागत नाही. पायलट स्क्रू आणि आयडलिंगचा स्क्रू थोडा फिरवून काम होते. कार्ब्युरेटरनुसार तो स्क्रू हवेचा आहे की पेट्रोलचा, हे आधी माहीत असावे, कारण दोन्हींची फिरवण्याची दिशा उलटी असते.

त्यापेक्षा एअर फिल्टर काढून टाकला तर?

काढू नये. मिश्रण किंचित पातळ होते हे खरे, पण मनाली–लेह मार्गावरच्या मोरे मैदानातली पिठासारखी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. पिस्टन आणि रिंगांची झीज मग सपाटीवर आल्यावर निळ्या धुराच्या रूपाने दिसते.

प्लगवर काजळी धरते. गरम प्लग लावावा का?

आधी मिश्रण सुधारावे, मग प्लगचा विचार करावा. काजळी कोरडी, मखमली आणि बोटाला लागणारी असेल तर ती जास्त पेट्रोलची. ओली आणि तेलकट असेल तर ऑइलची, आणि तिच्यावर कोणतेही जेट इलाज नाही. ई२० वर चालणाऱ्या गाडीचा प्लग जुन्या पेट्रोलच्या मानाने फिकट दिसतो, त्यामुळे ‘विटकरी रंग म्हणजे उत्तम’ हा जुना निकष थोडा सैल करावा लागतो.

एक पायरी गरम प्लग काजळी जाळायला मदत करतो, पण क्रमांकांत घोळ होण्यासारखा आहे. मेकॅनिक अजूनही ज्याला ‘मिको’ म्हणतात त्या बॉशच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग गरम होतो, तर एनजीके मध्ये आकडा वाढला की थंड. दुकानदार ‘त्याच नंबरचा’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्लग देऊ लागला, तर तक्ता पाहूनच घ्यावा. मैदानात परतल्यावर मूळ प्लग पुन्हा लावावा.

जावा-येझदीसाठी पेट्रोल-ऑइलचे प्रमाण उंचीवर बदलावे का?

बदलू नये. उंचीवर टूस्ट्रोक गाडी जास्त धूर सोडते आणि तो ऑइलचा समजून अनेक जण ऑइल कमी करतात. वास्तविक तो धूर गडद मिश्रणाचा असतो. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. ज्या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळले जाते, तिचे जेट लहान केले की पेट्रोलबरोबर ऑइलही आपोआप कमी पोहोचते. त्यावर हाताने आणखी कपात केल्यास पिस्टन चिकटण्याला आमंत्रणच दिल्यासारखे होते. घरच्या रस्त्यांवर जे प्रमाण चालते तेच ठेवावे, चांगल्या प्रतीचे टूस्ट्रोक ऑइल घरूनच न्यावे, आणि ते पंपावर टाकीत वरून ओतण्याऐवजी वेगळ्या डब्यात थोड्या पेट्रोलमध्ये कालवून मग घालावे, कारण थंडीत घट्ट झालेले ऑइल तळाशी बसून राहते.

उतार हा या गाड्यांचा खरा वैरी आहे. तांगलांग ला उतरताना थ्रॉटल बंद ठेवून गिअरच्या जोरावर गाडी आवरत गेले, तर इंजिन वेगाने फिरत राहते पण त्याला पेट्रोल मिळत नाही, आणि म्हणून ऑइलही मिळत नाही. अशा वेळी दर थोड्या अंतरावर क्लच दाबून थ्रॉटलला एक हलका झटका द्यावा आणि वेग ब्रेकनेही आवरावा. फोरस्ट्रोक बुलेटला हा नियम नाही. तिला गिअरवर निर्धास्त उतरवावे.

मनालीहून निघताना एकूण किती पेट्रोल हवे?

चंद्रा आणि भागा नद्यांच्या संगमाजवळच्या तांडी येथील पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची सूचना देणारी पाटी प्रसिद्ध आहे. तो आकडा लेहपर्यंतचा आहे. लेहच्या सुमारे ३५ किलोमीटर अलीकडे कारू येथे पंप आहे, पण तो चालू असेल आणि तेथे पेट्रोल असेल, यावर हिशेब बांधू नये.

सामान लादलेल्या जुन्या बुलेटचा अ‍ॅव्हरेज या मार्गावर लिटरला २५ किलोमीटर धरावा. ३६५ किलोमीटरला साडेचौदा लिटरहून थोडे जास्त लागते. दरड, पाण्याचे नाले, चुकलेला रस्ता आणि पहिल्या गिअरमधले तास यांसाठी पाचवा हिस्सा वाढवला की साडेसतरा लिटर होतात. टाकी चौदा लिटरच्या आसपासची असेल तर पाच लिटरचा एक कॅन पुरतो. त्सो कार किंवा त्सो मोरिरीकडे वळायचे असेल तर दोन घ्यावेत. टाकीचा छापील आकडा न मानता, रिझर्व्हला आलेल्या गाडीत नेमके किती लिटर मावते, ते घरीच एकदा मोजावे. श्रीनगर–लेह मार्गावर कारगिलला पंप असल्याने ही चिंता बरीच कमी होते. स्पितीकडे जाणाऱ्यांना काझा येथे, सुमारे ३,७४० मीटर उंचीवर, पंप मिळतो.

पेट्रोल कॅनमधून नेणे कायदेशीर आहे का, आणि कॅन कसला असावा?

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय जवळ बाळगता येते, मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात असावे, आणि धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे नसावे. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या त्या व्याख्येत बसत नाहीत, आणि बहुतेक पंपांवर त्यांत पेट्रोल देतही नाहीत. रबरी वायसर असलेला पोलादी जेरीकॅन घ्यावा, भरताना तो जमिनीवर ठेवावा, आणि वरचा वीसावा हिस्सा रिकामा सोडावा.

कॅन उंचीवर फुगतो, कारण आतला दाब तोच राहतो आणि बाहेरचा घटतो. बारालाचा लाच्या (सुमारे ४,८९० मीटर) आसपास थांबून झाकण उघडताना ते आधी थोडेसे सैल करून फुसकारा पूर्ण जाऊ द्यावा, मगच उघडावे. इंजिन गरम असताना किंवा सिगारेट ओढणारा मित्र शेजारी उभा असताना हे काम करू नये. कॅनमधले पेट्रोल आधी टाकीत ओतून मोकळे व्हावे. परतीपर्यंत ते जपून ठेवण्यात शहाणपण नाही.

ढाब्यावर बाटलीतून मिळणारे पेट्रोल घ्यावे का?

अडल्यास घ्यावे, पण शेवटचा उपाय म्हणून. त्यात रॉकेलची भेसळ असण्याची शक्यता असते, आणि रॉकेलमुळे ऑक्टेन कोसळते व काजळी वाढते. पांढऱ्या कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून तो वाळू द्यावा: चांगले पेट्रोल फारसा डाग न ठेवता उडून जाते, रॉकेल तेलकट वलय मागे ठेवते. पंपावर फिल्टर पेपरची हीच चाचणी आणि पाच लिटरच्या मापाची तपासणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. असे पेट्रोल घ्यावेच लागले तर दोन-तीन लिटरच घ्यावे, सुती कापडातून गाळून चांगल्या पेट्रोलमध्ये मिसळावे आणि इंजिनावर फार ताण न देता पुढचा पंप गाठावा.

डांबरगोळ्या, ऑक्टेन बूस्टर, विमानाचे पेट्रोल, ‘इथेनॉल न्यूट्रलायझर’ यांपैकी काही घालावे का?

डांबरगोळ्यांची युक्ती वडिलांच्या पिढीतल्या राजदूतवाल्यांकडून चालत आलेली आहे. आज मिळणाऱ्या अनेक गोळ्या नॅफ्थलिनच्या नसतातच, आणि ज्या असतात त्यांचे स्फटिक थंडीत पुन्हा घट्ट होऊन जेट बंद करू शकतात. ऑक्टेन बूस्टर निरुपयोगी आहे, कारण ऑक्टेन कमी पडतच नाही. विमानाच्या पेट्रोलमध्ये सहसा शिसे असते. ते प्लग खराब करते आणि अशा इंजिनाला त्याचा काही लाभ नाही. ‘न्यूट्रलायझर’ नावाच्या कोणत्याही बाटलीने पेट्रोलमधले इथेनॉल नाहीसे होत नाही. फार तर तिच्यातला गंजरोधक घटक उभ्या गाडीच्या टाकीला थोडे संरक्षण देतो.

जुन्या इंजिनाला शिसेयुक्त पेट्रोल लागत होते. आता व्हॉल्व्हचे काय?

देशभर शिसेविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आले, म्हणजे ही इंजिने पाव शतकाहून अधिक काळ तेच पीत आहेत. व्हॉल्व्ह सीटची झीज होते ती सतत वेगात आणि ताणाखाली चालवल्यावर. लडाखच्या रस्त्यांवर तसा वेग गाठणेच कठीण. निघण्यापूर्वी टॅपेट तपासावेत, तेवढे पुरे.

गाडी रेल्वेने चंदीगड किंवा जम्मूला पाठवणार आहे. टाकी रिकामी करावी लागते, त्याने काही बिघडते का?

पार्सलमध्ये गाडी देताना टाकी पूर्ण रिकामी असावी लागते आणि हा नियम योग्यच आहे. मात्र कॉकमधले कॉर्कचे सील चार-पाच दिवस कोरडे राहिले की आक्रसते, आणि स्टेशनबाहेर पेट्रोल भरताच कॉकखालून थेंब पडू लागतात. पेट्रोलमध्ये तासभर भिजल्यावर ते बहुधा पुन्हा फुगून बसते. तोवर गाडी सुरू करू नये. त्याच वेळी रिकाम्या टाकीत सुटलेला गंज पहिल्या भरणीबरोबर खाली येतो, म्हणून पहिला अर्धा लिटर कॉकमधून बाटलीत काढून पाहावा.

उंचीवर थोडे थांबल्यावर गाडी पुन्हा सुरू होत नाही. पेट्रोलची वाफ होते का?

होऊ शकते. बाहेरचा दाब कमी असल्याने पेट्रोल कमी तापमानाला उकळते आणि इथेनॉलच्या मिश्रणात ही वृत्ती किंचित वाढते. पहिल्या गिअरमध्ये चढून आलेल्या इंजिनाची उष्णता थांबल्यावर कार्ब्युरेटरमध्ये चढते, बाऊलमधले पेट्रोल फसफसून इनटेकमध्ये जाते आणि गाडी ओव्हरफ्लो झाल्यासारखी वागते. अशा वेळी चोक किंवा टिकलर (बाऊलमध्ये जादा पेट्रोल सोडणारे बटण) अजिबात वापरू नये. कॉक बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, काही किक माराव्यात. पहाटेच्या थंडीत मात्र चोक लागतोच. फक्त इंजिनाने पकड घेताच तो काढावा. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले असेल तरी गाडी अशीच बंद पडते, आणि झाकण सैल करताच पुन्हा चालते, यावरून ते ओळखता येते.

मैदानात उतरल्यावर जेट परत बदलायचे राहून गेले तर काय होईल?

लेहला बसवलेले ९० चे जेट ठेवून जम्मू किंवा चंदीगडच्या उन्हात हमरस्त्यावर गाडी हाणली, तर मिश्रण पातळ होते आणि टाकीतले ई२० ते आणखी पातळ करते. गाडी सुरुवातीला उलट मोकळी आणि चपळ वाटते, म्हणून फसगत होते. नंतर थ्रॉटल सोडताना सायलेन्सरमधून फटफट येते, एक्झॉस्टचा पाइप हेडजवळ निळा पडू लागतो, आणि टूस्ट्रोक असेल तर पिस्टन चिकटतो. परतीच्या वाटेवर हवेची घनता जसजशी वाढेल तसे जेट बदलण्याचे ठिकाण आधीच ठरवावे: मनालीमार्गे येणाऱ्यांनी मनालीला, श्रीनगरमार्गे येणाऱ्यांनी सोनमर्गला. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि रात्रीच्या मुक्कामी इंजिन थंड असताना ते उजेडात बसून नीट करता येते.